सुजलेला पाय चोळू नका

मूल खेळून घरी आले आणि पाय दुखतो म्हणाले, की आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. आजी तेल कोमट करते, पाय मांडीवर घेते आणि चोळायला सुरुवात होते. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मूल झोपी जाते आणि सकाळी पुन्हा पळू लागते. पण बालरोगतज्ज्ञ म्हणून नगर जिल्ह्यात इतकी वर्षे काढल्यावर दोन मुले माझ्या मनातून जात नाहीत. दोघांचेही पाय सुजले होते. दोघांचेही पाय घरी चोळले गेले होते. आणि दोघांचाही खरा आजार रक्तात होता. एकीचे रक्त नको तिथे गोठले होते, दुसऱ्याचे हवे तिथे गोठत नव्हते.

या दोन मुलांच्या निमित्ताने आज रक्ताच्या गुठळीविषयी थोडे बोलू. मुलांची नावे आणि गावे अर्थातच सांगत नाही.

शिरेवर शीर

मुलगी तेरा वर्षांची. शाळेत खो-खो खेळताना गुडघ्यावर पडली. दोन दिवसांनी ताप आला, चौथ्या दिवशी डावी मांडी ठणकू लागली. घरात ठरले, की शिरेवर शीर चढली. तेल लावून झाले, मग शेजारच्या गावच्या हाड बसवणाऱ्याकडेही नेऊन आणले. सहाव्या दिवशी पाय मांडीपासून पावलापर्यंत सुजून तुकतुकीत झाला आणि मुलीला धाप लागली. तेव्हा तिला जीपमध्ये घालून माझ्याकडे आणले.

"डॉक्टरसाहेब, पोरीचा पाय लचकलाय," आजी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ चोळतेय मी, तरी सूज हटंना. आज तर दमच लागायला लागला बघा."

मी साधी टेप घेतली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने जाड भरली. लचकलेल्या पायाला एवढा ताप येत नाही, आणि लचकलेल्या पायाने छातीत कळ येत नाही. प्राणवायू लावून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. मांडीच्या हाडात जंतुसंसर्ग होऊन पू झाला होता. हाडालगतच्या मोठ्या शिरेत रक्त गोठून तिचा मार्ग बुजला होता आणि त्या गुठळीचे तुकडे फुप्फुसात जाऊन बसले होते.

पू काढण्याची शस्त्रक्रिया झाली, जंतुनाशक औषधे आणि गुठळी वाढू न देणारी इंजेक्शने सुरू झाली. तीन आठवड्यांनी मुलगी घरी आली. आज ती चालते, शाळेत जाते. पण दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी तो पाय अजूनही जड होतो. गुठळी गेली तरी शिरेच्या आतल्या झडपा खराब होतात, त्याचे हे लक्षण.

चोळल्यामुळेच तुकडा सुटला, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. संसर्गातल्या गुठळ्या आपणहूनही सुटतात. पण गुठळी असलेला पाय दाबणे, रगडणे यात तो धोका आहेच, आणि सहा मोलाचे दिवस त्या चोळण्यात गेले हे तर नक्की.

रक्त गोठते कसे

बोट कापले की आधी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, भोकाशी धावतात आणि एकमेकींना चिकटून तात्पुरते बूच मारतात. हे बूच कच्चे असते. ते पक्के करण्यासाठी रक्तातली काही प्रथिने एकामागून एक जागी होतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि रोमन आकड्यांनी ओळखतात. या साखळीच्या शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशी अडकतात आणि पक्की गुठळी तयार होते.

मात्र हे काम जखमेपुरतेच व्हावे, सगळ्या शरीरात होऊ नये, यासाठी रक्तात ब्रेकही असतात. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही त्यांतली महत्त्वाची नावे. एक्सलरेटर कमी पडला तर रक्तस्राव थांबत नाही, ब्रेक कमी पडला तर नको तिथे गुठळी होते. रक्त गोठण्याचे बहुतेक आजार या दोन बाजूंत बसतात.

ही साखळी किती नाजूक आहे, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. घोणस किंवा फुरसे चावले की विष हे फॅक्टर वेगाने वापरून संपवते. मग हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून रक्त येत राहते. अशा रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर गोठण्याची शक्ती संपली असे समजतात. खेड्यातल्या दवाखान्यातही होणारी ही चाचणी आहे. सर्पदंशाचा पायही सुजतो. तोही चोळायचा नाही, घट्ट आवळायचा नाही, न हलवता रुग्णालयात न्यायचा.

मुलांना गुठळी का होते

गुठळी हा म्हाताऱ्या माणसांचा आजार, असा समज आहे. मुलांत तो दुर्मीळ आहे खरा. कॅनडातल्या मुलांची एक मोठी नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. तीत दर १०,००० मुलांमागे वर्षाला ०.०७ एवढेच प्रमाण आढळले. पण रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांचा हिशेब केला, तर तेच प्रमाण दर १०,००० दाखल मुलांमागे ५.३ निघाले. म्हणजे धडधाकट मुलाला सहसा गुठळी होत नाही. आजारी मुलाला होऊ शकते. वयाचे दोन टप्पे जास्त धोक्याचे आहेत. पहिले वर्ष आणि मग किशोरवय.

मुलांत बहुधा काहीतरी निमित्त सापडते. मोठ्या शिरेत घातलेली सलाइनची नळी, हाडातला किंवा रक्तातला जंतुसंसर्ग, जन्मजात हृदयविकार, कर्करोग व त्याची काही औषधे, मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टर घालून आठवडेच्या आठवडे पडून राहणे. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी लहान मूल सुकले तर रक्त दाट होऊन मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊ शकते. पंडुरोग असलेल्या मुलांत हा धोका वाढतो. म्हणून जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे हे मेंदूच्या रक्षणाचेही काम आहे.

आणखी एक आजार पालकांनी लक्षात ठेवावा. सकाळी मुलाचे डोळे सुजतात, लघवीला फेस येतो, अंगावर सूज चढते. हा मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम. यात लघवीवाटे प्रथिने वाहून जातात आणि त्यांच्याबरोबर अँटिथ्रॉम्बिन हा ब्रेकही जातो. अशा मुलाची डोकेदुखी, पोटात अचानक उठलेली कळ, लाल लघवी किंवा एकाच पायाची वाढलेली सूज कधीही हसण्यावारी नेऊ नये.

काही घराण्यांत ब्रेक जन्मतःच कमी असतात. वडिलांना चाळिशीच्या आत पायात गुठळी झाली होती, मावशी बाळंतपणात छातीत कळ येऊन गेली, असा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना न विचारता सांगावा.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

हा विषय घरात दबक्या आवाजात निघतो, म्हणून इथे उघड लिहितो. नवरात्रात मोहट्याला जायचे आहे, घरात लग्न आहे, पंढरीची वारी आहे, गौरी-गणपती आहेत. मग औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणली जाते. मैत्रिणीने सांगितली, वहिनीने घेतली होती, एवढ्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलीलाही दिली जाते.

या गोळ्यांत बहुधा नॉरइथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. मोठ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. बहुतेक मुलींना काही होत नाही. पण जिच्या घराण्यात गुठळीचा इतिहास आहे, जिचे वजन फार आहे, जिला पूर्वी गुठळी झाली आहे किंवा जी आजारपणाने अंथरुणावर आहे, तिच्यासाठी हा खेळ जिवाशी होऊ शकतो. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. गोळी चालू असताना एक पाय सुजला, धाप लागली किंवा आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके दुखले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. देवीचे दर्शन पुढच्या वर्षीही होते.

खुणा ओळखा

पायातल्या गुठळीची खूण म्हणजे एकाच बाजूची सूज. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा वेगळे असते. पाय गरम, जड, ठणकणारा, रंगाने लालसर किंवा निळसर होतो. फुप्फुसात तुकडा गेला तर अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, कधी थुंकीत रक्त, कधी घेरी. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तर दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधूक किंवा दुहेरी दिसणे, झटके, एका बाजूची शक्ती जाणे. यातले काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

दुधाच्या कॅनमधले रक्त

गुठळीवरच्या औषधाची गोष्ट आपल्या दूधवाल्या जिल्ह्याला आवडेल अशी आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गायी-गुरे कारणाशिवाय रक्तस्राव होऊन मरू लागली. लसूणघासाच्या कुळातला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा ओलसर राहून बुरसला होता आणि गुरांनी तो खाल्ला होता. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी ऐन हिमवादळात मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठणारे रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक आणि त्यांचे सहकारी सहा वर्षे त्या चाऱ्यामागे लागले आणि १९३९ साली त्यातला दोषी पदार्थ त्यांनी वेगळा केला. त्याच कुळातून पुढे वॉरफॅरिन तयार झाले. ते १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले.

याच कुळातले ब्रोमॅडिओलोन आज आपण उसात आणि धान्याच्या कोठीत उंदरांसाठी ठेवतो. लहान मुलाने ते आमिष खाल्ले तर पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. म्हणून 'मूल तर खेळतंय' म्हणून घरी बसू नका. आमिषाचे पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जा. व्हिटॅमिन के हा त्यावर उतारा आहे.

गुठळी झालेल्या मुलाला आधी हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शने देतात. ती बऱ्याचदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली घरीही देता येतात. मोठ्या मुलांना पुढे वॉरफॅरिनच्या गोळ्या देतात. आयएनआर या रक्ततपासणीवर त्यांचा डोस ठरतो, आणि तो आकडा बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. मेथी, पालक यांत व्हिटॅमिन के भरपूर असते. या भाज्या बंद करायच्या नाहीत, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा मुळीच नाही असेही करायचे नाही. आयएनआरची गरज नसणारी डॅबिगॅट्रान आणि रिव्हरॉक्साबान ही औषधे २०२१ साली अमेरिकेत मुलांसाठी मंजूर झाली. औषध किती दिवस घ्यायचे, हे कारणावर अवलंबून असते. निमित्त तात्पुरते होते आणि गुठळी विरघळली, तर काही मुलांना सहा आठवडेही पुरतात, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. इतरांना तीन महिने किंवा अधिक लागतात. हा निर्णय डॉक्टरांचा. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये.

माझी चूक

आता दुसरी हकिगत. चार वर्षांचा मुलगा. ताप आला म्हणून माझ्याकडे आणला. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी तपासले आणि कुल्ल्यात इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी आई त्याला परत घेऊन आली. इंजेक्शनची जागा लिंबाएवढी फुगून टणक झाली होती. मला वाटले गळू झाले. चिरा द्यावा म्हणून मी नर्सला तयारी करायला सांगितले.

हत्यारे उकळत असताना माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले. दोन्ही नडग्यांवर निळे-हिरवे डाग होते, आणि उजवा गुडघा डाव्यापेक्षा मोठा दिसत होता. मी आईला विचारले, "हा गुडघा कधीपासून असा आहे?"

"तो असाच सुजतो मधून मधून. आम्ही चोळतो, मग बसतो आठ-दहा दिवसांनी."

"याच्या मामाला कधी असा त्रास होता का?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा थोरला भाऊ दाढ काढली तेव्हा गेला. रक्तच थांबलं नाही. दहा वर्षांचा होता."

मी हत्यारे बाजूला ठेवली. ती फुगलेली जागा गळू नव्हते. माझ्या सुईने स्नायूत झालेला रक्तस्राव होता. तिथे चिरा दिला असता तर त्या मुलाचे काय झाले असते, याचा विचार मला अजूनही झोपताना कधी कधी येतो. तपासणीत फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी निघाला. मुलाला तीव्र हिमोफिलिया होता. इंजेक्शनच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहिला, ती चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या कागदावर मी मामाची चौकशी लिहितो.

मामा का विचारायचा

हिमोफिलियाचा दोष 'एक्स' गुणसूत्रावर असतो. मुलीकडे दोन एक्स असल्याने एक बिघडला तरी दुसरा काम सांभाळतो. ती वाहक होते, बहुधा स्वतः आजारी पडत नाही. मुलाकडे एकच एक्स, तोही आईकडून आलेला. म्हणून आजार दिसतो मुलात, मामात, मावशीच्या मुलात. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. बाप रुग्ण असेल तर त्याच्या सर्व मुली वाहक होतात, मुलगे मात्र निरोगी राहतात. यात आईला दोष देण्यासारखे काही नाही, हे सासरच्या मंडळींनी नीट समजून घ्यावे. जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो. बदल नव्यानेच झालेला असतो.

फॅक्टर आठ कमी असणारा 'ए' प्रकार सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो. फॅक्टर नऊचा 'बी' प्रकार त्याहून बराच विरळ. मूल रांगू लागले की अंगावर डाग, दात येताना किंवा जीभ चावल्यावर न थांबणारे रक्त, आणि पुढे गुडघा, घोटा, कोपर यांत पुन्हा पुन्हा सूज या त्याच्या खुणा. सांध्यात रक्त साचत राहिले की सांधा कायमचा आखडतो. चोळल्याने रक्तस्राव वाढतो. योग्य उपाय म्हणजे पायाला विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, हलकी पट्टी, पाय उंच ठेवणे आणि शक्य तितक्या लवकर फॅक्टरचे इंजेक्शन. तेही शिरेतून, स्नायूत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. लसी मात्र चुकवू नयेत. बारीक सुईने देऊन जागा पाच-दहा मिनिटे न चोळता दाबून धरावी.

फॅक्टर महाग असतो म्हणून पूर्वी आईबाप हात टेकत. आता राज्याच्या आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांतून हिमोफिलियाची केंद्रे उघडली. नाशिक, सातारा, अमरावती, ठाणे ही त्यांतली सुरुवातीची. शासकीय केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो. आपल्या मुलाची नोंद कोठे करायची, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात करावी. अवघड निदानासाठी, वाहक तपासणीसाठी आणि गर्भातल्या तपासणीसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिची सुरुवात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. त्वचेखाली देण्याचे एमिसिझुमॅब हे नवे औषध आले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे आशादायक निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तो घरोघरी पोहोचायला वेळ लागेल, पण दिशा दिसली आहे.

मुलींकडेही पाहा

रक्त न गोठण्याचा आजार मुलग्यांचाच, हा समज चुकीचा आहे. १९२६ साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातली एक मुलगी तेरा वर्षांची असताना चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली होती. आज हा आजार त्यांच्या नावाने ओळखतात. तो मुलामुलींना सारखाच होतो, पण मुलींत पाळीच्या रूपाने उघड होतो.

पाळी सात दिवसांहून अधिक चालते, पॅड तासा-दोन तासांत भिजते, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतात, मुलगी पांढरी पडली आहे, शाळा बुडते आहे. आई म्हणते, "आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं." तिथेच तर थांबून विचार करायला हवा. नाकातून वारंवार रक्त येणे, दात काढल्यावर बराच वेळ रक्त येणे असेही असेल, तर रक्ताची तपासणी करावी. औषधाने हा त्रास आटोक्यात येतो. टॉनिकच्या बाटल्यांनी येत नाही.

मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे जुनी. जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही विरळ आजार दोन्हीकडून एकत्र येतात. फॅक्टर तेराची कमतरता त्यांतली एक. बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिले तर हा आजार मनात आणावा. यात पी.टी. आणि ए.पी.टी.टी. या नेहमीच्या तपासण्या चक्क बरोबर येतात, म्हणून वेगळी तपासणी मुद्दाम मागावी लागते. आणि प्रत्येक नवजात बाळाला जन्मताच व्हिटॅमिन केचे इंजेक्शन मिळाले का, हे विचारावे. बाळंतपण घरी झाले असेल तर हमखास विचारावे.

एवढे तरी करा

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिले, की पाटीही न धरलेल्या गावच्या बाया शिकवल्यावर आजार ओळखू शकतात. मग एकच पाय सुजला की मोजायचा आणि मामाची चौकशी करायची, हे आपल्या आशाताईला, शाळेच्या बाईंना, घरातल्या आजीला का जमू नये?

मार लागला नसताना किंवा थोडक्या माराने एकच पाय किंवा एकच सांधा सुजला, तर चोळू नका, शेकू नका, ओढू नका. टेपने दोन्ही पाय मोजा. ताप, धाप, डोकेदुखी आहे का पाहा. अंगावर डाग आहेत का, मामाला किंवा मावशीच्या मुलांना त्रास होता का, कोणती गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. मीही एकदा विचारायला विसरलो होतो.

तो चार वर्षांचा मुलगा आता मोठा झाला आहे. उजवा गुडघा थोडा वाकलेला आहे, पण तो स्वतः शिरेतून फॅक्टर घ्यायला शिकला आहे. मध्यंतरी तो धाकट्या बहिणीला घेऊन आला होता. बहिणीचे लग्न ठरत होते, आणि आईने सांगितले होते, "आधी तिची वाहक तपासणी करून घे, मग पुढचं बघू." त्या माउलीने भाऊ गमावला होता. नातवाच्या बाबतीत ती गाफील राहणार नव्हती.